हातात तैपान, वय वीस

27 जुलै 1950. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरचं केर्न्स शहर. एज हिल भागात एक ट्रकवाला चाललाय आणि रस्त्याच्या कडेला एक पोरगा लिफ्ट मागतोय. पोराच्या हाताभोवती सहा फुटी साप गुंडाळलेला आणि सापाची मान त्याच्या मुठीत. तुम्ही थांबला असतात? मी तरी गिअर टाकून पळाले असते. तो ट्रकवाला थांबला. नुसता थांबला नाही, त्या पोराला सापासकट शेजारी बसवून घेतलं आणि हव्या त्या पत्त्यावर नेऊन सोडलं.

पोराचं नाव केविन बडन. वय वीस. म्हणजे आपल्याकडे एस.वाय. किंवा टी.वाय.ला असतो, तेवढं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. पण हातातला साप मात्र जिवंत मेलबर्नला पोचला आणि तिथून गोष्ट पुढे सरकली.

केविन सिडनीच्या रँडविक भागातला. ना डॉक्टर, ना शास्त्रज्ञ. साप पकडणं हा त्याचा नाद होता आणि नाद म्हणजे किती, तर एका वर्षात त्याने 59 साप पकडले आणि पाच वेळा चावून घेतलं. हा दुसरा आकडा वाचून मला आधी कौतुक वाटलं. मग वाटलं, थांब जरा. बारा सापांमागे एकदा चावा, हा काही फार अभिमानाचा हिशेब नाही. पण त्या काळात सगळे असेच शिकत होते. शिकवायला कोणी नव्हतं.

त्याच्या डोक्यात एकच साप होता, तैपान. हे नाव केप यॉर्क भागातल्या विक-मुंकन या आदिवासी लोकांचं. डोनाल्ड थॉमसन या संशोधकाने 1930 च्या दशकात ते त्यांच्याकडून घेतलं आणि जगभर तेच रुळलं. लांब, चपळ, उंदरांवर जगणारा साप. दात एक सेंटिमीटरहून मोठे, आणि एकदा चावून थांबत नाही, क्षणात दोन-तीनदा चावतो. विष दोन बाजूंनी मारतं. एकीकडे रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडवतं आणि दुसरीकडे नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप बंद पाडतं. पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास घेणारे स्नायूच थांबतात. तेव्हा तैपान चावल्यावर वाचलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती.

केर्न्सच्या आजूबाजूला उसाची शेतं. ऊस आला की उंदीर आले, उंदीर आले की साप आले. कोल्हापूर-सांगलीकडच्या मित्रांना हे वेगळं समजावून सांगायला नको, त्यांच्या उसात घोणस असते. तिथल्या ऊसतोड कामगारांच्या पायाशी तैपान असायचा.

उपाय काय, हे माहीत होतं. ऑस्ट्रेलियात टायगर स्नेकच्या विषावरचं अँटी-व्हेनम 1930 मध्येच आलं होतं. केविनचा जन्मही त्याच वर्षीचा. कृती अशी की, सापाचं विष काढायचं, घोड्याला ते अगदी थोड्या मात्रेत द्यायचं आणि हळूहळू मात्रा वाढवायची. घोड्याचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. मग घोड्याच्या रक्तातून ती वेगळी काढायची. आपल्याकडे परळच्या हाफकिन संस्थेचं नाव सर्पदंशाशी जोडलं गेलंय ते याच कामामुळे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर चालणारं औषध इथे असंच बनतं.

पण या सगळ्याची सुरुवात विषापासून होते. विष हवं तर साप हवा, तोही जिवंत. मेलेल्या सापाकडून एकदाच काय ते मिळेल, जिवंत सापाचं विष पुन्हा पुन्हा काढता येतं. तैपानच्या बाबतीत नेमकं तेच अडलं होतं. लोकांना तो दिसला की एक तर लोक पळायचे, नाहीतर त्याला मारायचे. पकडून, बांधून, शेकडो किलोमीटर लांबच्या प्रयोगशाळेत धडधाकट पोचवायचा कोणी?

केविनने ठरवलं, आपण. पहिल्या प्रयत्नात तैपान हाती लागला नाही. मग मार्च 1950 मध्ये तो दोन मित्रांना घेऊन सिडनीहून पुन्हा उत्तरेला निघाला. सिडनी ते केर्न्स रस्त्याने साधारण चोवीसशे किलोमीटर. पुण्याहून श्रीनगर गाठण्यासारखं. आजचे हायवे नाहीत, मोबाइल नाही, वाटेत काही झालं तर विचारायला कोणी नाही. चार महिने झाले तरी तैपानचा पत्ता नव्हता.

आणि मग 27 जुलैला एज हिलच्या कचऱ्यात तो दिसला. उंदीर गिळत होता. केविन त्या वेळी एकटाच होता.

त्याने सापाला दाबून मान धरली. पकडणं जमलं. खरी अडचण इथून पुढे सुरू झाली, आणि सापांबरोबर काम करणारा कुणीही तुम्हाला हेच सांगेल. सापाने दंडापर्यंत विळखा घातला. एक हात मानेवर अडकलेला, त्याच हाताला सहा फुटी शरीराचा पीळ. आता पिशवीचं तोंड उघडणार कोण, शेपटीकडून विळखा सोडवणार कोण आणि सगळ्यात शेवटी डोकं आत सोडून हात चटकन बाहेर काढणार कसा? याला दोन माणसं लागतात. म्हणून तो तसाच, हातात साप घेऊन रस्त्यावर आला.

इथे जरा थांबून हे सांगायला हवं, कारण साप नेणं हा विषय आपल्या कॅम्पसमध्येही आहे. आमच्या हॉस्टेलमागे एकदा साप निघाला होता. पकडायला आलेल्या मुलाने तो प्लास्टिकच्या बरणीत कोंबला, झाकण लावलं, बरणी स्कूटरच्या पायाशी ठेवली आणि भर उन्हात निघाला. आम्ही व्हिडिओ काढत होतो. झाकणाला भोकं होती की नाही हे कुणीच पाहिलं नाही. मीही नाही.

साप लांब न्यायची पद्धत तशी साधी आहे. सुती कापडाची खोल पिशवी घ्यायची, उशीच्या अभ्र्यासारखी, आणि ती उलटी करून वापरायची. म्हणजे शिवणीचे सुटे दोरे बाहेर राहतात, सापाच्या दातांत किंवा खवल्यांत अडकत नाहीत. तोंड पिळून गाठ मारायची. पिशवी उचलायची ती गाठीच्या वरूनच, कारण विषारी साप कापडातूनही चावतो. मांडीवर घ्यायची नाही, खांद्याला लटकवायची नाही. ही पिशवी हवेसाठी भोकं असलेल्या कडक खोक्यात, खोक्याला कुलूप, वर ठळक अक्षरात आत काय आहे ते. खोकं गाडीत घसरणार नाही असं बांधायचं. प्रवासाआधी काही दिवस सापाला खायला द्यायचं नाही, कारण पोट भरलेला साप हादऱ्यांनी आणि भीतीने खाल्लेलं ओकून टाकतो. त्याला उपास सोसतो, आठवडे काढतो. पाण्याचं भांडंही चालत्या गाडीत नको, सांडलं की पिशवी ओली आणि साप गारठतो.

सगळ्यात मोठा शत्रू तापमान. सापाला स्वतःचं शरीर आपल्यासारखं गरम-थंड ठेवता येत नाही, जशी हवा तसा तो. उन्हात काचा लावून उभी केलेली कार थोड्याच वेळात भट्टी होते. आपण वडापाव खाऊन येईपर्यंत आतला साप मेलेला असू शकतो. ज्या देशांत साप पाळायला परवानगी आहे, तिथले लोक लांबच्या ड्राइव्हला निघताना म्हणूनच खोक्याशेजारी थर्मामीटर ठेवतात आणि एसीचा झोत थेट त्यावर येऊ देत नाहीत. (आपल्याकडे रानातला साप पाळणं किंवा पकडून घरी ठेवणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. हे वाचून उशीचे अभ्रे काढू नका. साप निघाला तर वनविभागाला कळवा.)

आता केविनकडे बघा. त्याच्या सापाच्या पोटात नुकताच उंदीर. सोबत कोणी नाही. कडक खोकं नाही. ट्रकच्या केबिनमध्ये उघडा साप आणि शेजारी एक अनोळखी माणूस, ज्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही. मला केविन आवडतो, पण हे चुकीचंच होतं. ट्रक उसळला असता तर त्या दिवशी दोघं गेले असते.

ट्रक पोचला एका स्थानिक सर्पतज्ज्ञाच्या घरी. त्यांनी साप पाहिला आणि हा तैपानच असल्याचं सांगितलं. चार महिन्यांची, खरं तर त्याच्या अख्ख्या छोट्या आयुष्याची वणवण इथे संपायला हवी होती. साप पिशवीत टाकायचा, बस. पण इतका वेळ एकाच मुठीत एवढ्या ताकदीचा जीव धरून बोटं थकली होती. पिशवीत सोडताना पकड ढिली झाली आणि साप हाताला चावला.

चावल्यावर केविनने आधी काय केलं? साप पिशवीत घातला. त्याला मारू नका, तो मेलबर्नच्या संशोधकांकडे जिवंतच गेला पाहिजे, हा त्याचा हट्ट होता. मग हॉस्पिटल.

हॉस्पिटलमध्ये जे होतं ते दिलं, टायगर स्नेकचं अँटी-व्हेनम. ते दुसऱ्या सापाच्या विषासाठी बनलेलं, पुरेसं लागू पडलं नाही. ज्याची गरज होती ते औषध जगात कुठेच नव्हतं, आणि ते बनावं म्हणून ज्या सापाची गरज होती तो याच पोराने नुकताच कचऱ्यातून उचलला होता. लकवा चढत गेला. 28 जुलैला दुपारी केविन बडन गेला.

राहिला साप. केर्न्स ते मेलबर्न सरळ रेषेत मोजलं तरी सव्वादोन हजार किलोमीटरच्या वर. शिवाय जुलै म्हणजे तिकडे ऐन हिवाळा. केर्न्समध्ये दुपारी पंचविशीचं तापमान असतं तेव्हा मेलबर्न चौदाच्या आसपास कुडकुडत असतं. उष्ण भागातल्या सापासाठी हा प्रवास सोपा नव्हता. आणि ज्याने माणूस मारला तो साप वाटेत कुणी रागाने ठेचला असता तरी फार आश्चर्य वाटलं नसतं. तसं झालं नाही. एका मेलेल्या मुलाचा शब्द लोकांनी पाळला आणि साप जिवंत पोचला. या गोष्टीत मला केविनच्या धाडसाइतकंच हेही मोठं वाटतं. त्या साखळीतल्या बहुतेकांची नावं कुणाच्या लक्षातही नाहीत.

मेलबर्नमध्ये विष काढायचं काम डेव्हिड फ्ले यांच्याकडे आलं. हा आणखी एक अवलिया. टास्मानियन वाघ नावाचा आता नामशेष झालेला प्राणी, त्याच्या शेवटच्या जिवंत नमुन्याचं चित्रीकरण 1933 मध्ये यांनीच केलं होतं आणि ते करताना त्या प्राण्याने त्यांच्या पार्श्वभागाचा चावा घेतला होता. म्हणजे चावण्याचा अनुभव गाठीशी होता. पण तैपानचं विष त्यांनी बिनचूक काढलं. संशोधनासाठी जिवंत पकडलेला हा पहिला तैपान, आणि त्याच्या विषावरून कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीज या सरकारी प्रयोगशाळेतलं काम सुरू झालं.

त्याला पाच वर्षं लागली. 1955 मध्ये तैपानचं अँटी-व्हेनम तयार झालं. त्याच वर्षी केर्न्समध्येच एका दहा वर्षांच्या मुलाला तैपान चावला. या वेळी हॉस्पिटलमध्ये बरोबर औषध होतं. मुलगा वाचला.

केविनच्या सापाचं सगळं विष तेव्हा वापरून संपलं नव्हतं. थोडं वाळवून काचेच्या कुपीत ठेवलेलं होतं. क्वीन्सलँड विद्यापीठातल्या ब्रायन फ्राय यांच्या गटाने काही वर्षांपूर्वी अशा जुन्या कुप्या उघडून तपासल्या. साठ वर्षांहून जास्त काळ पडून असलेलं ते विष अजूनही काम करत होतं.