वहीतला कोड उतरवून कंटाळल्या आणि ते काम थेट मशीनलाच लावलं!

डीडब्ल्यूएम हा लिनक्सवर चालणारा एक छोटासा विंडो मॅनेजर. स्क्रीनवरच्या खिडक्या कुठे बसवायच्या ते ठरवणारा प्रोग्रॅम, सी भाषेत लिहिलेला. त्याच्या कोडमध्ये ‘यूटिल डॉट सी’ नावाची चिमुकली फाईल आहे. मेमरी मागायची, नाही मिळाली तर चूक सांगून प्रोग्रॅम बंद करायचा, असली किरकोळ कामं तिच्याकडे. एकदा लिहायचं आणि लागेल तिथून हाक मारायची.

आता यात काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. पण एकेकाळी हे ‘हाक मारणं’ म्हणजे शेजाऱ्याची वही मागून हाताने उतरवून घेणं होतं.

गोष्ट १९४४ ची. ग्रेस हॉपर गणितात येलची डॉक्टरेट घेतलेल्या प्राध्यापिका. लहानपणी घरातली गजराची घड्याळं एकामागून एक खोलून बसलेल्या. महायुद्ध पेटलं तेव्हा नौदलात जायचं ठरवलं, पण वय जास्त आणि वजन कमी. खास सवलत मिळवून त्या भरती झाल्या आणि हार्वर्डच्या ५१ फूट लांब ‘मार्क १’ समोर येऊन उभ्या राहिल्या.

तिथे प्रत्येकाची एक वही असायची. नेहमी लागणारा, तपासलेला कोड त्यात लिहिलेला. दुसऱ्याला लागला की तो उतरवून घेणार. गोची इथेच व्हायची. आकडे चुकायचे, अक्षरं चुकायची. शिवाय तुकडा नव्या जागी बसवताना त्यातला प्रत्येक पत्ता बेरीज करून बदलावा लागे. गणिताचे पंडित साध्या बेरजेत आपटायचे!

१९४९ मध्ये हॉपर युनिव्हॅक बनवणाऱ्या कंपनीत गेल्या. तिथे त्यांनी हे तुकडे चुंबकीय टेपवर घेतले, प्रत्येकाला क्रमांक दिला. प्रोग्रॅमरने फक्त क्रमांक लिहायचे, शोधणं, उतरवणं, पत्ते जुळवणं मशीन करणार. हाच १९५२ चा ‘ए-०’. (इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या डेव्हिड व्हीलर आणि मंडळींनीही अशा तुकड्यांची लायब्ररी उभी केली होती, तेव्हा सगळं श्रेय एकट्या हॉपर यांना देता येत नाही.) ए-० ला कंपायलर म्हटलं गेलं. आजच्या भाषेत ते काम जास्त करून लिंकरचं.

विश्वास मात्र कुणाचाच बसेना. मशीन फक्त आकडेमोड करतं, प्रोग्रॅम कसा लिहील, असं त्यांना तोंडावर ऐकवलं गेलं. चालणारा कंपायलर हातात असून लोक त्याला हात लावत नव्हते. पुढे त्यांच्या ‘फ्लो-मॅटिक’चा मोठा प्रभाव कोबोलवर पडला. कोबोल त्यांनी एकटीने बनवली असं सर्रास फॉरवर्ड होतं, पण ती समितीने बनवली. हॉपर सल्लागार होत्या.

१९६६ च्या अखेरीस नौदलाने त्यांना निवृत्त केलं आणि पुढच्याच वर्षी सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. काम काय, तर नौदलाच्या वेगवेगळ्या मशीनवरची कोबोल एकसारखी करायची. सहा महिन्यांचं हे बोलावणं लांबतच गेलं. १९८६ मध्ये त्या निवृत्त झाल्या तेव्हा रिअर ॲडमिरल होत्या, वय ७९. १ जानेवारी १९९२ ला त्यांचं निधन झालं.