कॅन्सरच्या मुळाशी गेलेली मराठी बाई : डॉ. कमल रणदिवे

हिंगणा : आपल्याकडच्या बाया दुखणं अंगावर काढतात. कापूस वेचायचा असतो, एमआयडीसीतली पाळी असते, घरी लेकरं असतात. छातीत गाठ लागली तरी दुखत नाही म्हणून सांगत नाहीत. अशा दुखण्याच्या मुळाशी जाण्यात एका मराठी बाईनं आयुष्य घातलं. तिची ही गोष्ट.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. पोरींना शिकवून काय करायचं असं म्हणणारा तो काळ, पण वडिलांनी लेकीला हुजूरपागा शाळेत घातलं. तिनं डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा होती. कमलताईंचं मन मात्र झाडं, पेशी आणि सूक्ष्मदर्शकात रमलं. सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींवर अभ्यास करून त्यांनी एम.एस्सी. केली.

१९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. नवऱ्यानं शिक्षणाला साथ दिली. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं होतं. तिथं डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली त्या संशोधन करू लागल्या आणि १९४९ मध्ये पीएच.डी. झाल्या.

पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या नळीत पेशी जिवंत ठेवायची विद्या त्या तिथं शिकल्या. याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या गरीब काळ्या बाईच्या पेशी वाढवल्या गेल्या. पाच लेकरांची ही आई गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरनं ३१ व्या वर्षी गेली. तिच्या पेशी आजही जगभर संशोधनाला वापरतात, पण त्या घेताना तिला कोणी विचारलं नव्हतं. गरीब बाईचा आजार जगाच्या कामी आला, तिला स्वतःला मात्र त्याचा फायदा मिळाला नाही.

कमलताई परदेशात थांबल्या नाहीत. मुंबईच्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात त्यांनी पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. उंदरांवर प्रयोग करून स्तनाच्या कॅन्सरचा आनुवंशिकतेशी आणि शरीरातल्या संप्रेरकांशी काय संबंध आहे, ते त्यांनी तपासलं. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही काम केलं. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राच्या संचालकपदाचा भार सांभाळला. १९७३ मध्ये सहकारी महिलांसोबत भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना काढली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

निवृत्तीनंतर घरी बसायचं होतं, तर बसता आलं असतं. पण त्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात गेल्या. आदिवासी लेकरांचं पोषण तपासलं, खेड्यातल्या बायांना आरोग्याचं शिकवलं. प्रयोगशाळेतलं ज्ञान वाडीवर पोचलं नाही तर उपयोग काय, हे त्यांनी कामातून दाखवलं. २००१ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्यानंतरही हे काम थांबलेलं नाही. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, खेड्यातल्या सव्वा लाखाहून जास्त बायांवर मोठा अभ्यास झाला. गर्भाशयाच्या तोंडाची एचपीव्ही तपासणी एकदाच केली, तरी त्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यानं घटतात, हे त्यातून २००९ मध्ये जगापुढे आलं. म्हणजे गावची बाई वाचू शकते, फक्त तपासणी तिच्यापर्यंत पोचली पाहिजे.

सरकारी आरोग्य कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या बायांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी मोफत आहे. आशाताईला विचारा. छातीत गाठ, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं, खर्रा खाणाऱ्याच्या तोंडातली न भरणारी जखम, यातलं काहीही असलं तर थांबू नका. आपल्या आईला, सासूला, मावशीला सोबत घेऊन जा. कमलताईंनी आयुष्यभर केलेल्या कामाचं चीज त्यातच आहे.