दारू सोडून पाच महिने झालेले, समोर बार होता; त्यानं फोन उचलला आणि एए उभी राहिली

तारीख ११ मे १९३५. अमेरिकेतलं ॲक्रन शहर. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत बिल विल्सन नावाचा ३९ वर्षांचा माणूस येरझाऱ्या घालत होता. धंद्याचा डाव फसलेला, खिसा रिकामा होत आलेला. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन.

आता हा गडी किती प्यायचा? तर पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्यात असताना सवय लागली. नंतर वॉल स्ट्रीटवर बक्कळ कमावलं, १९२९ ला बाजार कोसळला आणि उरलंसुरलं दारूनं नेलं. बायको लोईस दुकानात नोकरी करून घर चालवायची. न्यूयॉर्कच्या टाऊन्स हॉस्पिटलमध्ये तो चार वेळा भरती झाला. तिथल्या डॉ. सिल्कवर्थ यांचं म्हणणं होतं की हा चारित्र्याचा दोष नाही, आजार आहे.

डिसेंबर १९३४ मध्ये त्यानं दारू सोडली. मग इतर दारुड्यांच्या मागे लागला. एकाचीही सुटली नाही. पण या सगळ्या खटपटीत बिलनं स्वतः एक थेंबही घेतला नव्हता.

लॉबीत त्याला नेमकं हेच आठवलं. त्याला आणखी एक दारुडा हवा होता, स्वतः वाचण्यासाठी!

त्यानं चर्चच्या यादीतले नंबर फिरवले. त्यातून दुसऱ्या दिवशी गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी. हे सर्जन, आणि पक्के पिणारे. पंधरा मिनिटांत कटवायचं ठरवून आले आणि काही तास बसले. कारण बिलनं उपदेश केलाच नाही, फक्त स्वतःची फजिती सांगितली. मध्ये एकदा बॉब घसरले, पण १० जूनला त्यांनी शेवटचा घोट घेतला. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, तोच आपला स्थापना दिवस मानते.

फी नाही, आडनाव सांगायचं नाही, एका पिणाऱ्यानं दुसऱ्याशी बोलायचं. महाराष्ट्रातही आज अशा मीटिंगा भरतात. घरच्यांसाठी १९५१ मध्ये लोईसनं अल-अनॉन सुरू केलं. तिच्या वाट्याला आलेलं पाहता, ते व्हायलाच हवं होतं.

बिल मात्र संत वगैरे झाला नाही. एए वाढत असताना तो अनेक वर्षं डिप्रेशनमध्ये होता, मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचा. सिगारेट त्याला सुटली नाही, फुप्फुसं त्यातच गेली. २४ जानेवारी १९७१ ला तो वारला. शेवटच्या आजारपणात, ३६ वर्षांनंतर, त्यानं व्हिस्की मागितली होती. ती दिली गेली नाही.