ज्युलियस न्येरेरे : राष्ट्राध्यक्ष झालेले मास्तर

टांझानियात आजही न्येरेरे यांना ‘म्वालिमू’ म्हणतात. स्वाहिली भाषेत म्वालिमू म्हणजे शिक्षक. १९२२ साली बुटियामा गावात, झनाकी या छोट्या जमातीच्या मुखियाच्या घरी त्यांचा जन्म झाला. बाराव्या वर्षी ते शाळेत गेले आणि पुढे मकेरेरेत शिकून नंतर एडिनबर्ग विद्यापीठात पोहोचले. १९५२ मध्ये एम.ए. होऊन परतले ते मास्तरकी करायला. पण १९५४ मध्ये टानू पक्ष उभा राहिला आणि वर्षभरात नोकरी सुटली. १९६१ मध्ये देश स्वतंत्र झाला.

त्यांच्या विचाराचे नाव होते उजामा, म्हणजे कुटुंबपण. जमीन सगळ्यांची, कष्टही सगळ्यांचे. हाच नियम त्यांनी विद्यापीठाला लावला. उपाशी गावाने उरलेसुरले धान्य एका तरुणाला शिदोरी म्हणून द्यावे, त्याने दूरवरून मदत आणावी, आणि तो परतलाच नाही तर? शिकलेल्यांवर गावाचे असे कर्ज आहे, असे ते मानत.

ऑक्टोबर १९६६ मध्ये हे कर्ज मागायची वेळ आली. पदवीधरांना दोन वर्षे राष्ट्रीय सेवा सक्तीची झाली, त्यात बराच काळ पगार फक्त ४० टक्के. विद्यार्थी मोर्चा घेऊन राष्ट्राध्यक्षांच्या दारी आले. चळवळीतल्या मित्रांनी हा प्रसंग नीट समजून घ्यावा. न्येरेरे संतापले आणि सुमारे ४०० जणांना घरी पाठवले. पण त्याच वेळी स्वतःचा पगारही २० टक्क्यांनी कापला! पुढे बहुतेकांना परत घेतले गेले.

१९६७ च्या अरुशा जाहीरनाम्याने बँका आणि मोठे उद्योग सरकारी झाले. आता कारखाना चालवायला माणसे हवी होती. १९७० मध्ये दार-एस-सलाम विद्यापीठ स्वतंत्र झाले, न्येरेरे त्याचे कुलपती. १९७३ मध्ये अभियांत्रिकी शाखा सुरू झाली, तिथल्या मुलांना शिकतानाच कारखान्यांत राबावे लागे. १९७४ च्या मुसोमा ठरावाने तर विद्यापीठाचे दारच बदलले. आधी काम करा, सोबतच्या कामगारांची आणि पक्षाची शिफारस आणा, मग प्रवेश. कामगाराने विद्यार्थ्याला पारखायचे, ही कल्पना मला आजही धाडसी वाटते. मात्र शिफारस पक्षाच्या हाती गेली की काय होते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. मुलींची संख्या घटली आणि त्यांना सूट द्यावी लागली.

खेड्यांत चूक याहून मोठी झाली. १९७३ नंतर लाखो शेतकऱ्यांना नव्या उजामा गावांत बळजबरीने हलवले गेले. काही ठिकाणी जुनी घरे जाळली गेली. सामूहिक शेती रुजली नाही, सरकारी कारखाने तोट्यात गेले. साक्षरता मात्र झपाट्याने वाढली, आणि शंभरावर जमातींचा देश एका भाषेत बोलू लागला.

१९८५ मध्ये त्यांनी स्वतःहून पद सोडले आणि बुटियामाला जाऊन शेती केली. १४ ऑक्टोबर १९९९ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. दफन बुटियामातच झाले.