स्फटिकशास्त्राचे जनक आबे आउई

रने जूस्त आउई ह्यांचा जन्म २८ फेब्रुवारी १७४३ रोजीं फ्रान्स देशांतील सें-जूस्त गांवीं एका गरीब विणकराच्या घरीं झाला. मठांतील गायनाच्या ओढीनें ते तेथें जात. मठाधिपतींची दृष्टि त्यांच्यावर गेली आणि पुढें पॅरिस येथें शिकून ते धर्मगुरु व अध्यापक झाले.

एके दिवशीं एका स्नेह्याच्या घरीं कॅल्साइटचा स्फटिक त्यांच्या हातून पडून फुटला. तुकड्याच्या बाजू आरशासारख्या गुळगुळीत होत्या. दुसरा कोणी ओशाळून गप्प बसला असता. आउईंनीं घरीं जाऊन आपल्याच संग्रहांतील निरनिराळ्या आकारांचे कॅल्साइट फोडिले. बाह्य रूप कसेंही असो, आंतून एकच तिरकस ठोकळा निघे. विरोधकांनीं त्यांस स्फटिकफोड्या म्हणून हिणविलें. आम्हांस तर ती पदवीच वाटते.

ह्या खड्याचे गुण दिशेगणिक कां बदलतात, हें विसाव्या शतकांत अवरक्त, म्हणजे उष्णतेच्या अदृश्य किरणांनीं उलगडलें. कॅल्साइटमध्यें एक कार्बन व तीन ऑक्सिजन अणूंचे सपाट त्रिकोण मुख्य अक्षाशीं काटकोन करून रचलेले असतात. किरणाचें कंपन त्रिकोणाच्या पातळींत असल्यास सुमारें ७ मायक्रॉन लांबीची लहर जोरानें परावर्तित होते, कारण अणु त्याच तालावर पातळींतल्या पातळींत हलतात. कंपन अक्षास समांतर असल्यास ती चमक लोपते आणि ११ मायक्रॉनांच्या किंचित् पुढें दुसरी दिसते; तेथें कार्बन पातळीच्या वरखालीं डोलत असतो. आउईंनीं स्फटिक सूक्ष्म, निश्चल विटांचा मानिला होता. विटा गेल्या, नियमबद्ध रचना मात्र खरी ठरली.

१७९२ सालीं राज्यसत्तेनें मागितलेली शपथ त्यांनीं नाकारिली व ते सें-फिर्मेंच्या बंदिवासांत पडले. तेथेंही स्फटिकांचे खण मागवून त्यांनीं काम चालूं ठेविलें! त्यांचा तरुण शिष्य जोफ्र्वा सेंत-इलेर ह्यानें ऑगस्टमध्यें सुटकेचा हुकूम आणिला, तरी ते त्या दिवशीं निघेनात. दुसऱ्या दिवशीं त्यांस जवळजवळ ओढूनच न्यावें लागलें. तीन आठवड्यांच्या आंत तेथील सत्तरांहून अधिक बंदिवानांची कत्तल झाली. इतकें पाहूनही, लाव्हाझिए कैद होतांच त्यांच्यासाठीं रदबदली करणाऱ्यांत आउई होते. लाव्हाझिए वांचले नाहींत. १७९४ सालीं त्यांचा शिरच्छेद झाला.

१८०१ सालीं त्यांचा खनिजशास्त्रावरील मोठा ग्रंथ निघाला. १८२२ सालीं खोलींत पडून त्यांच्या मांडीचें हाड मोडलें व जूनमध्यें पॅरिस येथें त्यांचें देहावसान झालें. कुटुंबासाठीं मागें संपत्ति म्हणून स्फटिकांचा संग्रह तेवढा उरला.