सेतुकार शनूट

अमेरिकेत हडसन नदीच्या काठाने लोहमार्ग घालण्याचे काम चालू होते. एके दिवशी सतरा वर्षांचा एक मुलगा तेथील इंजिनियरांपुढे येऊन उभा राहिला आणि काम मागू लागला. जागा रिकामी नाही, असे त्याला सांगण्यात आले. तेव्हा त्याने बिनपगारी काम करण्याची तयारी दर्शविली. जमीन मोजणाऱ्या पथकात साखळी धरण्याचे काम त्यास मिळाले आणि थोड्याच आठवड्यांत त्याचे नाव पगारपत्रकावर चढले. त्या मुलाचे नाव ऑक्टेव्ह शनूट.

शनूट यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८३२ रोजी पॅरिस येथे झाला. त्यांचे वडील इतिहासाचे प्राध्यापक होते. अमेरिकेतील एका महाविद्यालयात त्यांची नेमणूक झाली, तेव्हा सहा वर्षांचा ऑक्टेव्हही त्यांच्याबरोबर समुद्रपार गेला. इंजिनियरिंगची पदवी त्याने कधीच घेतली नाही. जे शिकला ते प्रत्यक्ष कामावर आणि स्वतः ग्रंथ वाचून. पुढे मिसुरी नदीवरील पहिला पूल बांधण्याचे काम शनूट यांच्याकडे आले. ही नदी मोठी लहरी. तिचा प्रवाह वेगवान आणि तळ सदा सरकणारा. तिच्यावर पूल उभा राहणार नाही, असे म्हणणारे पुष्कळ होते. १८६९ साली कॅन्सस सिटी येथे तो पूल रहदारीस खुला झाला. १८९१ साली अमेरिकेतील स्थापत्य इंजिनियरांच्या संस्थेने त्यांना आपले अध्यक्ष केले.

एवढा मान मिळविलेला हा मनुष्य मनातल्या मनात एक छंद जपून होता. मनुष्याला उडता येईल काय, हा प्रश्न त्यांना कित्येक वर्षे सतावीत होता. त्या काळी हे बोलून दाखविणारा माणूस वेडगळ ठरे. म्हणून त्यांनी आपली टिपणे बरीच वर्षे बाजूला ठेवून दिली. वय साठीच्या घरात आल्यावर मात्र त्यांनी ती बाहेर काढली. तोवर झालेल्या उड्डाणाच्या साऱ्या खटपटींची छाननी करून त्यांनी एक लेखमाला लिहिली. १८९४ साली तिचा ग्रंथ झाला. कोणाचे यंत्र का कोसळले आणि कोणाची कल्पना पुढे नेण्याजोगी आहे, हे त्यांनी एखाद्या पुलाची तपासणी करावी तशा शांतपणे त्यात सांगितले.

हे लिहिताना त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. जर्मनीत लिलिएन्थाल टेकडीवरून पंख बांधून झेप घेत होते. दूर ऑस्ट्रेलियात हारग्रेव्ह पेटीच्या आकाराचे पतंग उडवीत होते. आणखी कोणी कैरोत, कोणी फ्रान्समध्ये खपत होते. परंतु एकाने केलेली चूक दुसऱ्याला कळत नसे आणि तीच चूक पुन्हा पुन्हा होई. शनूट यांनी या सर्वांशी पत्रव्यवहार सुरू केला. एकाकडून आलेली माहिती ते दुसऱ्यास कळवीत. ज्याची परिस्थिती हलाखीची, त्यास पदरचे पैसेही पाठवीत. १८९३ च्या ऑगस्टमध्ये शिकागो येथे मोठे जागतिक प्रदर्शन भरले असता त्यांनी तेथे गगनसंचारावर चार दिवसांची परिषद भरविली. लोक हसतील अशी त्यांना धास्ती होती. पण परिषद गंभीरपणे पार पडली आणि उड्डाणाची गोष्ट करणे हा वेडेपणा नव्हे, हे शहाण्यांना पटू लागले.

पुढचे पाऊल अधिक धाडसाचे होते. १८९६ च्या जून महिन्यात, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, ते तीन सोबत्यांसह मिशिगन सरोवराच्या दक्षिण काठी तंबू ठोकून राहिले. शिकागोपासून हे ठिकाण सुमारे ४८ किलोमीटर. सरोवरावरून वारा येई, आणि कोणी पडलाच तर खाली मऊ वाळू होती! हेरिंग हा यंत्रे बनविणारा, एव्हरी हा सुतार, बुटुसॉव्ह हा रशियात जन्मलेला खलाशी. आणि त्यांच्यात पांढऱ्या दाढीचे हे वृद्ध गृहस्थ. इंजिन नसलेले, केवळ वाऱ्यावर तरंगत उतरणारे विमान म्हणजे ग्लायडर. या मंडळींनी सहा जोड्या पंखांचा एक ग्लायडर बनविला होता. पंख कधी पुढे, कधी मागे, कधी वर लावून पाहावयाचे. समोर पिसांचा भुगा सोडून वारा कोणत्या पंखामागून कसा वाहतो ते न्याहाळावयाचे. मग पंख सोडवून पुन्हा बांधावयाचे. उन्हाळाभर हाच उद्योग चालला. वर्तमानपत्रांचे बातमीदार आणि बघे यांचा उपद्रव होऊ लागला, तेव्हा दुसऱ्या खेपेस मंडळींनी आपला तळ आणखी एकान्तात हलविला.

त्याच ऑगस्टमध्ये लिलिएन्थाल ग्लायडरवरून पडून मृत्यू पावले. ही वार्ता येऊनही तळावरचे काम थांबले नाही. तीन पंख एकावर एक असलेला नवा ग्लायडर तयार झाला. सर्वांत खालचा पंख अडचणीचा ठरला, म्हणून तो काढून टाकला. उरलेले दोन पंख उभ्या दांड्यांनी व तिरप्या तारांनी जोडले होते. ही जोडणी शनूट यांना नवी नव्हती. पुलाच्या सांगाड्यात ते हेच करीत आले होते. या ग्लायडरने ३५९ फुटांपर्यंत झेप घेतली. सारी मापे व आकृत्या शनूट यांनी छापून टाकल्या. वाटेल त्याने त्या घ्याव्या आणि आपले यंत्र बनवावे! पुढे कित्येक हौशी तरुणांनी व उड्डाणमंडळांनी या नमुन्याचे ग्लायडर बांधले. आज अमेरिकेत ऑशकॉश येथे दर वर्षी हौशी वैमानिकांचा प्रचंड मेळावा भरतो. हजारो स्वयंसेवक त्याची व्यवस्था पाहतात आणि विमानांच्या पंखांखाली तंबू ठोकून राहिलेली माणसे एकमेकांची यंत्रे मोकळेपणाने पाहतात. त्याविषयी वाचताना मला सरोवराकाठच्या वाळूतील ते चार तंबूवासी आठवतात.

१९०० च्या मे महिन्यात शनूट यांना एका सायकल दुकानदाराचे पत्र आले. तो दुकानदार म्हणजे विल्बर राइट. पुढील दहा वर्षांत या दोघांमध्ये शेकडो पत्रे गेली-आली. राइट बंधूंनी पंखांची ती पुलासारखी जोडणी उचलली. पण यंत्राचा तोल सांभाळण्यासाठी पंखांना पीळ देण्याची युक्ती त्यांनी स्वतः सिद्ध केली. शनूट त्यांच्या वाळूतील तळावर तीनदा जाऊन राहिले. १९०१ साली प्रयोग फसून विल्बर खचला असता शनूट यांनी त्याला शिकागोस इंजिनियरांपुढे व्याख्यानास बोलाविले. त्याने त्याला पुन्हा उमेद आली. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधू इंजिनाच्या विमानातून उडाले.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मात्र मतभेदाचे बीज पडले होते. पॅरिसच्या एरो क्लबात शनूट यांनी राइट बंधूंच्या प्रयोगांचे वर्णन केले. फ्रेंच मंडळी खडबडून जागी झाली आणि तशी यंत्रे बनवू लागली. शनूट यांना यात आनंद होता. राइट बंधूंना मात्र आपली कष्टाची कमाई वाटली जात आहे असे वाटले. शिवाय आपण शनूट यांचे शिष्य आहोत असा समज पसरलेला त्यांना रुचला नाही. त्यांनी आपल्या युक्तीचे पेटंट घेतले आणि तिचा उपयोग करणाऱ्यांवर दावे लावले. पंख पिळण्याची कल्पना पूर्वीही सुचलेली होती, असे शनूट यांनी जाहीरपणे सांगितले. १९१० च्या आरंभी दोघांनी एकमेकांना कडक पत्रे लिहिली. स्वतःच्या दुकानाची मिळकत खर्चून शोध लावणाऱ्याने त्याचा मोबदला मागावा, यात गैर ते काय? परंतु ज्यांच्या खुल्या ग्रंथांवरून व आकृत्यांवरून राइट बंधूंनी आरंभ केला, त्या वृद्धाची व्यथाही खोटी नव्हती.

त्याच वर्षी इलिनॉय राज्यातील एरो क्लब स्थापन झाला आणि शनूट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. एप्रिलमध्ये विल्बरने समेटाचे पत्र पाठविले. शनूट यांची प्रकृती ढासळली होती. तरी त्यांनी आनंदाने उत्तर धाडले आणि ते युरोपच्या प्रवासास निघाले. तेथे त्यांचे दुखणे बळावले. २३ नोव्हेंबर १९१० रोजी शिकागो येथे त्यांचे निधन झाले. विल्बर राइट अंत्यविधीसाठी शिकागोस गेला, आणि पुढच्या जानेवारीत विमानविद्येच्या एका मासिकात त्याने शनूट यांच्या कार्याचा गौरव करणारा लेख लिहिला.