नोटेवरची पहिली भारतीय सही : चिंतामणराव देशमुख



देवासच्या मुलांना नोटा कुठे छापतात हे सांगावे लागत नाही. बँक नोट प्रेसची लांबच लांब भिंत येता-जाता सर्वांच्या नजरेस पडते, आणि धारकडची मुले पाहुणी म्हणून आली की त्यांना ती मोठ्या ऐटीत दाखविली जाते. परंतु एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. प्रेसमधून निघालेला कागद हा नुसता छापील कागदच असतो. रिझर्व्ह बँक तो चलनात आणते, तेव्हा त्याचा पैसा होतो. म्हणून तर दोन रुपयांपासून पुढच्या प्रत्येक नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते. (एक रुपयाची नोट भारत सरकारची, तिच्यावर अर्थसचिवांची सही असते. खात्री करून पाहा.)

ही सही करणारे पहिले भारतीय गृहस्थ मराठी होते, हे आपल्या समाजातील फार थोड्या मुलांना ठाऊक आहे असे आम्हांस वर्गावर्गांतून विचारताना आढळले. त्यांचे नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. ह्या अंकात त्यांचा परिचय करून देत आहोत.

चिंतामणरावांचा जन्म 14 जानेवारी 1896 रोजी, ऐन संक्रांतीच्या दिवसांत, रायगड किल्ल्याच्या परिसरातील नाते ह्या गावी झाला. वडील वकील होते. बालपण रोह्याकडे गेले. 1912 साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळविली. पुढे एल्फिन्स्टन कॉलेज, तेथून 1915 मध्ये इंग्लंडला केंब्रिज. तेथे विषय कोणता घेतला असेल? वनस्पतिशास्त्र! त्यातही पारितोषिक. 1918 साली आय.सी.एस.ची परीक्षा दिली आणि तीतही पहिला क्रमांक. पहिल्या क्रमांकांची ही यादी वाचून मुलांनी घाबरून जाऊ नये. आम्हांला त्यांच्याविषयी जे सांगायचे आहे ते गुणपत्रिकेतले नाही.

आय.सी.एस. झाल्यावर त्यांची नेमणूक मध्यप्रांत व वऱ्हाडात झाली. आजचे आपले जबलपूर, सागर आणि महाराष्ट्रातले नागपूर हे सगळे तेव्हा त्या एकाच प्रांतात होते. आपले धार व देवासची थोरली आणि धाकटी पाती ही मात्र पवारांची संस्थाने असल्यामुळे वेगळी. तिकडे जिल्ह्याचा कारभार, जमिनीची मोजणी व सारा ठरविण्याचे काम, मग महसूल व अर्थ खात्याचे सचिवपद अशी सुमारे वीस वर्षे त्यांनी काढली. मध्ये 1931 साली लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही काम केले.

आता रिझर्व्ह बँकेकडे वळू. ही बँक 1 एप्रिल 1935 रोजी सुरू झाली. तेव्हा ती सरकारी नव्हती. शंभर रुपयांचे पाच लाख शेअर, म्हणजे पाच कोटींचे भांडवल, आणि ते भागधारकांचे. कारभार पाहण्यासाठी केंद्रीय संचालक मंडळ होते. त्यात गव्हर्नर, दोनपर्यंत डेप्युटी गव्हर्नर, सरकारने नेमलेले चार संचालक, एक सरकारी अधिकारी आणि भागधारकांनी निवडलेले आठ. त्या आठांपैकी मुंबई, कलकत्ता व दिल्लीचे प्रत्येकी दोन आणि मद्रास व रंगूनचा एकेक, कारण ब्रह्मदेश त्या वेळी हिंदुस्थानातच धरला जाई. सरकारी अधिकाऱ्याने बैठकीत बसावे, बोलावे, पण त्याला मत नाही. मते समसमान झाली तर गव्हर्नरांचे जादा मत. वर्षातून निदान सहा बैठका झाल्याच पाहिजेत. आमच्या विश्वस्त मंडळींना हे सर्व ओळखीचे वाटेल. रकमेचा काय तो फरक!

कागदावर हे नीटनेटके दिसते. प्रत्यक्षात पहिले गव्हर्नर सर ऑस्बर्न स्मिथ यांचे सरकारच्या अर्थसदस्यांशी व्याजदर व रुपयाच्या विनिमयदरावरून जमले नाही आणि 1937 मध्ये ते पद सोडून गेले. बँक भागधारकांची असली तरी शेवटचा शब्द कोणाचा, हा प्रश्न असा पहिल्या दोन वर्षांतच उभा राहिला. त्यांच्या जागी सर जेम्स टेलर आले.

जुलै 1939 मध्ये चिंतामणराव बँकेत आले ते संपर्क अधिकारी म्हणून. बँकेत काय चालले आहे ते सरकारला कळवीत राहायचे, असे ते काम. पण तीनच महिन्यांत ते केंद्रीय मंडळाचे सचिव झाले. मंडळाचा सचिव म्हणजे बैठकीची विषयपत्रिका तयार करणारा, प्रत्येक विषयाची टिपणे संचालकांपुढे ठेवणारा आणि काय ठरले ते लिहून ठेवणारा. हिंदीत ज्याला कार्यवृत्त म्हणतात त्याला मराठीत इतिवृत्त म्हणतात. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे हा शब्द आम्ही ह्या विद्यालयात आल्यावर शिकलो. शब्द कोणताही असो, काम जोखमीचे. सर पुरुषोत्तमदास ठाकूरदासांसारखे मुरलेले व्यापारी एका बाजूला, सरकारचे म्हणणे दुसऱ्या बाजूला, आणि दोघांनाही मान्य होईल असे एकच वाक्य लिहायचे. बैठकीत काय बोलले गेले हे माणसे विसरतात. जे लिहिले जाते ते राहते. गव्हर्नर होण्यापूर्वी देशमुख ह्या खुर्चीवर बसले होते, हे आम्हांस त्यांच्या चरित्रातले फार महत्त्वाचे वाटते.

डिसेंबर 1941 मध्ये ते डेप्युटी गव्हर्नर झाले. फेब्रुवारी 1943 मध्ये सर जेम्स टेलर वारले. कायदा असा होता की गव्हर्नरांची नेमणूक सरकारने करायची, पण मंडळाने शिफारस केली असेल तर ती आधी विचारात घ्यायची. तोवर एकाही भारतीयाला ती जागा मिळाली नव्हती. जवळजवळ सहा महिने गेले. अखेर 11 ऑगस्ट 1943 रोजी देशमुख गव्हर्नर झाले. वय सत्तेचाळीस.

काळ मात्र वाईट होता. बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती. ब्रिटिश सरकार युद्धासाठी येथून माल उचलत होते आणि त्याबद्दल लंडनमध्ये आपल्या नावे पौंड जमा करीत होते. त्या पौंडांच्या आधारावर येथे नोटा काढल्या जात. युद्धाच्या आरंभी चलनात सुमारे 180 कोटींच्या नोटा होत्या, त्या युद्ध संपेपर्यंत अकराशे कोटींच्या वर गेल्या. नोटा सहापट आणि धान्य तेवढेच, मग भाव काय होणार हे पाचवीतला मुलगाही सांगेल. जुलै 1944 मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे 44 देशांची परिषद भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक ह्या संस्था तेथे ठरल्या. आपल्या शिष्टमंडळात देशमुख होते, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ होते. प्रमुख अर्थातच इंग्रज. तरी नाणेनिधीत भारताला 40 कोटी डॉलरचा वाटा मिळाला आणि रशिया आत न आल्यामुळे आपण पहिल्या पाचांत जाऊन बसलो. देश अजून स्वतंत्र व्हायचा होता!

आता जी गोष्ट पालकांना अधिक जवळची वाटेल तिच्याकडे येऊ. जानेवारी 1946 मध्ये पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा बंद करण्याचे सरकारने ठरविले. युद्धात काळाबाजार करून ज्यांनी पैसा केला त्यांना पकडायचे, कर वसूल करायचा, असा हेतू. देशमुखांचे मत विचारले गेले. ह्यातून सरकारला कराचे दहा कोटीसुद्धा मिळतील असे वाटत नाही आणि अशा हेतूने असा उपाय कुठे केल्याचा दाखला नाही, असे त्यांनी कळविले. सरकारने ऐकले नाही. 12 जानेवारी 1946 रोजी, शनिवारी, वटहुकूम निघाला. आणि ज्यांनी विरोध कळविला होता त्याच गव्हर्नरांच्या बँकेने तो अमलात आणला. लोकांनी अर्ज भरून, नोटा कशा आल्या ते लिहून देऊन बदलून घ्यायच्या होत्या. ह्या नोटा एकंदर सुमारे 144 कोटींच्या होत्या. त्यांपैकी 1947 च्या अखेरीपर्यंत जवळपास 135 कोटींच्या परत आल्या. न आलेल्या नऊ कोटींच्या आसपास.

1978 साली पुन्हा मोठ्या नोटा बंद झाल्या. 8 नोव्हेंबर 2016 ची रात्र तर सर्व पालकांना आठवत असेल. त्या वेळी केंद्रीय मंडळाची बैठक त्याच दिवशी झाली होती. मंडळाची शिफारस योग्य रीतीने घेतली गेली की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2 जानेवारी 2023 रोजी चार विरुद्ध एक मताने सरकारचा निर्णय वैध ठरला. त्या वादात आम्ही शिरत नाही. मंडळाला कधी, किती वेळ देऊन आणि कशा प्रकारे विचारायचे, ही बाब सत्तर वर्षांनंतरही तेवढीच नाजूक होती, एवढे मात्र मोठ्या वर्गांतील मुलांनी ध्यानात घ्यावे.

1947 मध्ये फाळणी झाली. तेव्हा असे ठरले की पाकिस्तानची स्वतःची बँक उभी होईपर्यंत आपली रिझर्व्ह बँकच दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक राहील. विचार करा, सीमेवर लढाई आणि खजिनदार एकच! नोटासुद्धा आपल्याच, नाशिकला छापलेल्या, त्यांवर पाकिस्तान सरकार असे शब्द उमटवून तिकडे चालल्या. रोख शिलकीतून पाकिस्तानला 75 कोटी द्यायचे होते. 20 कोटी आधी दिले गेले. काश्मीरमधील युद्धामुळे उरलेले 55 कोटी आपल्या सरकारने रोखून धरले. 13 जानेवारी 1948 रोजी गांधीजींचे उपोषण सुरू झाले आणि 15 तारखेला ती रक्कम देण्याचे सरकारने ठरविले. निर्णय दोन्ही वेळा मंत्रिमंडळाचा, पण पैसा होता बँकेच्या खात्यांत आणि हिशेब ठेवायचा होता देशमुखांच्या माणसांनी. 30 जून 1948 रोजी ही दुहेरी जबाबदारी संपली. 1 जानेवारी 1949 पासून बँक सरकारी मालकीची झाली. शंभर रुपयांच्या शेअरला भागधारकांना 118 रुपये 10 आणे मिळाले. 30 जून 1949 रोजी देशमुखांनी पदभार सोडला. बँकेचा संशोधन व सांख्यिकी विभाग ही त्यांच्या काळातली निर्मिती.

पुढे 1950 ते 1956 ते भारताचे अर्थमंत्री होते. 1952 मध्ये कुलाबा मतदारसंघातून निवडून आले. पहिली पंचवार्षिक योजना, 1955 मध्ये स्टेट बँक, 1956 मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण, ही सारी त्यांच्या कारकिर्दीतली कामे. मग मुंबईचा प्रश्न आला. मुंबई शहर महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचे, असे पंतप्रधान नेहरूंनी जाहीर केले. मुंबईत गोळीबार झाले, माणसे दगावली. जुलै 1956 मध्ये देशमुखांनी राजीनामा दिला. लोकसभेतील निवेदनात त्यांनी केवळ महाराष्ट्राची बाजू मांडली नाही. मुंबईचा हा निर्णय मंत्रिमंडळापुढे रीतसर न येताच जाहीर झाला, असा त्यांचा आक्षेप होता. नेहरूंनी तो मान्य केला नाही.

1946 मध्ये मन मानत नसतानाही हुकूम पाळणारे गृहस्थ 1956 मध्ये पद सोडून का गेले, असा प्रश्न दहावीच्या एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारला. आम्हांस वाटते ते असे. पहिल्या वेळी त्यांना विचारले गेले होते, त्यांचे मत नोंदले गेले होते आणि निर्णयाचा अधिकार सरकारचाच होता. दुसऱ्या वेळी निर्णय ज्या मंडळाचा असायला हवा होता त्याचे ते स्वतः सदस्य होते, आणि विचारलेच गेले नाही असे त्यांचे म्हणणे होते. इतिवृत्त लिहिणाऱ्या सचिवाला हे खटकणारच. अर्थात माणसाच्या मनात मुंबई आणि कोकणही असणार, ते कोण नाकारील? ती विद्यार्थिनी ह्या उत्तराने पूर्ण समाधानी झाली नाही, हेही सांगून टाकतो.

राजीनाम्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, नंतर 1962 ते 1967 दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. 1959 मध्ये मॅगसेसे पुरस्कार, 1975 मध्ये पद्मविभूषण. 1969 साली राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविली, पण ते तिसरे आले. 1953 मध्ये त्यांचा विवाह संविधान सभेच्या सदस्य व आंध्र महिला सभेच्या संस्थापिका दुर्गाबाई यांच्याशी झाला होता. संस्कृतचा नाद शेवटपर्यंत होता. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठी पद्यात आणले. आपल्या मालव्यातल्या उज्जयिनीवरून जाणारा तो मेघ असा रिझर्व्ह बँकेतल्या माणसाच्याही खिडकीशी थांबला, ह्याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. 2 ऑक्टोबर 1982 रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.

देशमुखांच्या सहीच्या दोन, पाच, दहा आणि शंभर रुपयांच्या नोटा, राजाच्या चित्रासह, अजून जुन्या घरांतून सापडतात. आजी-आजोबांच्या पेटीत अशी एखादी असेल तर मुलांनी ती शाळेत आणू नये, हरवेल. सही वाचून पाहावी आणि नोट पुन्हा जागेवर ठेवावी.